एक मिनिट बावन्न सेकंद

भोंगा वाजला तसं नोबुएने हातातल्या घड्याळाचं बटण दाबलं आणि उतारावरून धावत सुटली.

एकसष्ट वर्षांच्या बाईने डोक्यावर पांढरं हेल्मेट चढवून, गळ्यातली शिट्टी छातीवर आपटत धावावं, हे दिसायला काही बरं नव्हतं. पण वर्षातून एक दिवस ते चालून जायचं. शाळेच्या कोपऱ्यापासून खाली बोटींच्या धक्क्यापर्यंत उतरणाऱ्या त्या आळीत माणसं राहत असलेली घरं दहा. भूकंपाच्या कवायतीचा भोंगा झाला की प्रत्येक घराने आधी टेबलाखाली बसायचं, मग गॅस बंद करायचा, घरातली माणसं मोजायची, आणि सगळी धड असतील तर फाटकाला पिवळी झेंडी बांधायची. झेंडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे, ‘सगळे सुखरूप’. झेंडी असलेल्या घरात डोकावायचं नाही, पुढे जायचं. नसेल त्या घराचं दार ठोठावायचं. खरा भूकंप झाला तर दारोदार चौकशा करायला वेळ कुणाकडे असतो? म्हणून ही सोय.

पहिल्या घराला झेंडी होती. दुसऱ्याला होती. तिसऱ्याला आणि चौथ्यालाही. नोबुए कागदावर खुणा करत धावत होती आणि तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. खालची आळी म्हणजे गावातली ढ आळी. गेली तीन वर्षं ती शेवटची येत होती.

पाचव्या घरापाशी तिचे पाय आपोआप थांबले.

कानबेआजोबांच्या फाटकाला झेंडी होती! दोन गाठी मारून, घट्ट, बोट बांधावी तशी बांधलेली. समुद्रावरून वारा येत होता, तरी ती जड होऊन सरळ लोंबत होती. आतून लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज येत होता. म्हातारा कवायतीच्या दिवशीसुद्धा काहीतरी ठोकत बसला होता.

“कानबेआजोबा, शाब्बास!” नोबुए फाटकातूनच ओरडली. “आज तुम्ही आळीचं नाक राखलंत! आता ती हातोडी ठेवा आणि मैदानावर या. डुकराच्या मटणाचं सूप आहे, गरमागरम!”

आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात.

“ऐकताय कुठले,” शेजारच्या फाटकातून मासुयोवहिनी म्हणाल्या. त्या मासळी वाळवायच्या जाळ्या झटकत उभ्या होत्या. “पहाटे पाऊस थांबला तेव्हापासून हेच चाललंय. डोकं उठलं माझं. बाई, तुमच्या त्या खेळांत म्हाताऱ्याची हातोडी पळवायचा एखादा खेळ बसवा ना.”

“पुढच्या वर्षी नक्की,” नोबुए हसत म्हणाली आणि पुढे धावली.

सातवं, आठवं. नववं घर तिचं स्वतःचं. तिथेही झेंडी होती. म्हणजे लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर तेत्सुरोने एक काम सांगितलेल्या वेळेला केलं होतं. आणि दहाव्या, अगदी धक्क्याजवळच्या, ब्याण्णव वर्षांच्या फुजिएआजीच्या फाटकालाही पिवळी झेंडी होती. नोबुएने बटण दाबलं. एक मिनिट बावन्न सेकंद.

तिने घड्याळ कानाशी धरून हलवून पाहिलं. मग ती तिथेच, धक्क्याच्या कठड्याला टेकून, एकटीच हसत सुटली.

*

शाळेच्या मैदानावर हा आकडा जाहीर झाला तेव्हा आधी कुणी टाळ्याच वाजवल्या नाहीत. गाव चाट पडलं होतं. मंडळाचे अध्यक्ष इनागाकी यांनी कर्णा तोंडापासून दूर धरून विचारलं, “बाई, घड्याळ बंद पडलं होतं का?”

“तुमची आळी हरली म्हणून घड्याळाला बोल लावू नका,” नोबुए म्हणाली आणि मग मात्र मैदान हसलं, टाळ्याही झाल्या. नव्या तांदळाची दहा किलोची पिशवी लाल फीत बांधून तिच्या हातात आली. ती तिने सुपाच्या भांड्याशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. मिरवायची हौस तिलाही होती, खोटं कशाला बोला.

हौस फुकाची नव्हती. सहा वर्षांपूर्वी ती बालवाडीतून निवृत्त झाल्यावर मंडळाने आपत्तीच्या तयारीचं काम तिच्या गळ्यात मारलं, तेव्हा कवायतीला अकरा माणसं यायची. त्यातली चार मंडळाचीच. अध्यक्षांचं भाषण, अग्निशमन दलाच्या साहेबांचं भाषण, एक पत्रक आणि बिस्किटाचा पुडा. माणसं बिस्किटं घेऊन घरी जायची आणि पत्रकात मासळी गुंडाळायची. नोबुएने तीस वर्षं चार वर्षांच्या मुलांना चपला जागेवर ठेवायला शिकवलं होतं. माणूस भाषणाने शिकत नाही, खेळाने शिकतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने भाषणं बंद केली. बादल्यांची शर्यत आणली. वर्तमानपत्राच्या सपाता करून काचांवरून, म्हणजे अंड्यांच्या टरफलांवरून, चालायचा खेळ आणला. पोत्यात वाळू भरून एक लठ्ठ बेडूक शिवला. त्याला घोंगडीच्या झोळीत घालून चौघांनी पळायचं. आणि आळी-आळींत झेंड्यांची स्पर्धा लावली. आता मैदानावर तीनशेच्या वर माणसं होती, आणि गाडीच्या जॅकने ओंडके उचलायला बायकांची रांग लागली होती.

एकच माणूस मैदानावर कधी आला नव्हता. कानबेआजोबा. एक्क्याऐंशी वर्षांचे, एकटे, बोटी बांधणारे सुतार. बोटी प्लास्टिकच्या झाल्या तेव्हा त्यांचं काम सुटलं, पण ठोकायची सवय सुटली नाही. गेल्या वर्षी नोबुए झेंडी आणि शिट्टी द्यायला त्यांच्या घरी गेली होती. ढिगाऱ्याखाली अडकलात तर ओरडत बसू नका, दम जातो. तीनदा ठोका, थांबा, पुन्हा तीनदा ठोका, असं तिने बालवाडीच्या सुरात सांगितलं होतं. म्हाताऱ्याने तोंडातली काडी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेली होती.

“मास्तरीणबाई, ऐंशी वर्षं ठोकण्यातच गेली. आता तुम्ही मला ठोकायला शिकवा.”

“शिकवतेच. वाजवून दाखवा.”

त्यांनी बोटाच्या पेराने उंबऱ्याच्या लाकडावर वाजवलं होतं. तीन. थांबले. तीन. वर म्हणाले होते, “पास का?”

पण त्याच वर्षी झेंडी बांधायला त्यांना सव्वासहा मिनिटं लागली होती. गुडघे. नऊ घरं केव्हाच तयार होती आणि सगळी आळी फाटकांशी उभी राहून, म्हातारा अंगणातून एकेक पाऊल टाकत कसा येतो ते बघत होती. हसणारे हसले. दुपारी बिअरच्या वेळी मासुयोवहिनींनी त्यांच्या चालण्याची नक्कल केली. तेवढ्यापुरते आजोबा तिथे आले होते, कोपऱ्यात बसले होते. तेव्हा विषय हलका करायला म्हणून नोबुएच म्हणाली होती, “एवढं काय त्यात! आजोबा, पुढच्या वर्षी आदल्या दिवशीच बांधून ठेवा म्हणजे झालं.”

सगळे खो-खो हसले होते. आजोबा हसले नव्हते. ते पेला खाली ठेवून घरी गेले होते.

आज ती सल निघाली असं नोबुएला वाटत होतं. तिने सुपाचा एक वाडगा भरून, वर थाळी झाकून बाजूला ठेवला. म्हातारा येणार नव्हताच. सगळं आटपलं की ती स्वतः नेऊन देणार होती, आणि तांदळातला त्यांचा वाटा सगळ्यात आधी.

*

खोक्यांचा खेळ मुलांचा सगळ्यात आवडता. फ्रिज आणि धुलाईयंत्रांची वीस-पंचवीस रिकामी खोकी मैदानाच्या मधोमध रचायची आणि त्यातल्या एकात एका मुलाने लाकडाचा तुकडा घेऊन लपायचं. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप घालून ऐकायचं. आतल्याने ओरडायचं नाही, ठोकायचं. बाहेरच्यांनी त्या आवाजाच्या मागाने त्याला शोधून काढायचं.

“चिहो आत आहे!” इनागाकी कर्ण्यातून म्हणाले. “आता सगळ्यांनी चूप. मोठ्यांनीसुद्धा. मासुयोवहिनी, तुम्हीसुद्धा!”

हशा झाला आणि मग खरोखरच शांतता पसरली. तीनशे माणसं श्वास रोखून उभी. सुपाची उकळी तेवढी ऐकू येत होती. नोबुएने वाडग्यात ओतायला पळी उचलली होती.

खोक्यांतून आवाज आला. ठक, ठक, ठक.

थांबला.

ठक, ठक, ठक.

नोबुएची पळी हवेतच राहिली. सूप तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, चांगलं कढत, आणि तिला ते कळलंसुद्धा नाही.

ठक, ठक, ठक, खोक्यातली सहा वर्षांची मुलगी वाजवत होती. शिकवलं होतं तसं, अगदी अचूक. सकाळी आजोबांच्या फाटकाशी ऐकला तो आवाजही असाच, तीन-तीन होता. हातोडीने खिळा ठोकणारा माणूस असा ठोकत नाही. हातोडीला मध्ये थांबायचं कारण नसतं.

“बाई?” समोर वाडगा धरून उभ्या असलेल्या बाईने विचारलं. “बाई, हात भाजला तुमचा!”

नोबुएच्या हातातून पळी पडली. ती वळली आणि धावली. सकाळी धावली होती तशी नाही. सकाळी तिला आपण कशा दिसतो याची थोडी लाज होती.

“बाई कुठे निघाल्या?” कुणीतरी म्हणालं.

“हाही खेळच असेल,” दुसरं कुणी म्हणालं.

*

कानबेआजोबांच्या घराचं सरकतं दार आतून लावलेलं नव्हतं. गावात कुणी लावत नसे. नोबुएने हात घातला आणि ते अलगद, आवाजसुद्धा न करता सरकलं. तिला पुढे कितीतरी दिवस या गोष्टीचाच धक्का बसत राहिला. दार अडलं नव्हतं, मोडलं नव्हतं. त्या दाराला कसलीच अडचण नव्हती.

आत, चपला काढायच्या दगडी फरशीवर, आजोबा कुशीवर पडले होते. उजवा पाय भलत्याच दिशेला वळला होता. अंगावर खुंटीवरून ओढून घेतलेला पावसाळी कोट होता. ओठ निळे-पांढरे. हातात एक लाकडी खडाव होती आणि घरात चढायच्या पायरीच्या लाकडावर, त्यांचा हात पोचेल तेवढ्या जागी, ठोकून ठोकून खळगा पडला होता. भिंतीवर, हाताला लागणार नाही अशा उंचीवर, तिने दिलेली शिट्टी खिळ्याला नीट टांगलेली होती.

फाटकापासून ते तिथपर्यंत सहा पावलं होती. नोबुएने ती नंतर मोजली.

“आजोबा! कानबेआजोबा!”

त्यांनी डोळे उघडले. तिला ओळखायला त्यांना वेळ लागला.

“आलात,” ते म्हणाले. आवाज असा की जणू सुकलेलं पान घासतंय. “मगाशी ओरडलात. ऐकलं मी. शाब्बास म्हणालात.”

नोबुएने स्वतःचं जाकीट काढून त्यांच्यावर घातलं. बर्फासारखा गार पडलेला त्यांचा हात तिने दोन्ही हातांत धरला आणि चोळत राहिली.

“केव्हा पडलात? सकाळी? भोंग्याच्या वेळी?”

“सकाळी कसली. काल. अंधारायच्या आत फडकं बांधून आलो. पाऊस होता. पायाचा तळवा ओला होता, घसरला.” ते थांबले. पुढचं बोलायला त्यांना दम गोळा करावा लागला. “आदल्या दिवशी बांधायचं ठरलं होतं ना.”

म्हणजे सोळा-सतरा तास. बाहेर फाटकाला ‘सगळे सुखरूप’ लिहून म्हातारा सोळा-सतरा तास दगडावर पडला होता. पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय हे त्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. पण जमीन जागच्या जागी असतानाही ती सरकू शकते हे नोबुएला तेव्हा कळलं.

आजोबांनी तिच्या हातातला आपला हात किंचित हलवला.

“मी बरोबर वाजवत होतो ना, मास्तरीणबाई? तीन-तीन?”

“बरोबर वाजवत होतात,” नोबुए म्हणाली. “अगदी बरोबर. चूक माझी झाली.”

दारात सावली पडली. मासुयोवहिनी तिच्यामागून धावत आल्या होत्या. त्यांनी आजोबांकडे पाहिलं, खडावेकडे पाहिलं, पायरीवरच्या त्या खळग्याकडे पाहिलं.

“पहाटेपासून ऐकतेय मी,” त्या हळू म्हणाल्या. “अहो, मी तर उशी घेतली कानावर.”

“वहिनी, मैदानावर जा. अग्निशमनवाले तिथे आहेत. स्ट्रेचर घेऊन या म्हणावं. खरं आहे म्हणून सांगा. ‘खरं आहे’ हे आधी सांगा.”

मासुयोवहिनी पळाल्या, पण त्यांचंही कुणाला लवकर पटलं नसावं, कारण स्ट्रेचर आलं तेव्हा त्याच्यामागे निम्मं मैदान आलं होतं. मुलं पुढे, हेल्मेटं घालून, हातात अर्धवट खाल्लेले भाताचे लाडू. कार्यक्रमाच्या कागदावर शेवटी ‘जखमींची सुटका’ असं लिहिलेलं होतंच. अग्निशमन दलाच्या चौघांनी आजोबांना उचलून बाहेर आणलं, तेव्हा आळीत जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“वा, काय हुबेहूब!” कुणीतरी कौतुकाने म्हणालं. “म्हाताऱ्यालाच घेतलं की यंदा! आणि आपण म्हणतो तो कशात भाग घेत नाही.”

नोबुए दारात आली. अंगात जाकीट नाही, बाहीवर वाळलेलं सूप. तिचा चेहरा बघून पुढच्या रांगेतल्या टाळ्या थांबल्या, मग त्यामागच्या, आणि अगदी मागे कुणाला कळलं नव्हतं तिथल्या दोन-चार टाळ्या उगीच वाजत राहिल्या. मग त्याही थांबल्या. चिहोने हळूच आपल्या आईचा हात धरला.

फाटकाशी स्ट्रेचर क्षणभर अडलं. आजोबांनी मान वळवली.

“ते फडकं आधी काढा,” ते म्हणाले. “गावभर खोटं सांगतंय.”

*

रुग्णवाहिका गेली. खुब्याचं हाड मोडलंय, अंग फार गार पडलंय, पण शुद्ध आहे, एवढं सांगून ती माणसं गेली. इनागाकींनी कार्यक्रम संपल्याचं कर्ण्याशिवायच सांगितलं. लोक खाली माना घालून आपापल्या घरी पांगले.

नोबुए फाटकाशी उभी राहून झेंडीची गाठ सोडवत होती. सुताराची गाठ. नखं दुखली तरी सुटेना. आणि मग तिच्या बोटांना ते जाणवलं. बाहेरचं कापड उन्हाने सुकलं होतं, गाठ मात्र आतून ओलीचिंब होती. पिळल्यावर तिच्या तळहातावर पाणी उतरलं. रात्रभराचा पाऊस.

तिने ती झेंडी कमरेला खोचली. शेजारी मासुयोवहिनींचं फाटक होतं. तिथली झेंडी वाऱ्यावर मजेत उडत होती. का कोण जाणे, नोबुएने हात पुढे केला आणि तिची गाठ चिमटीत दाबली.

ओली.

ती सातव्या घराशी गेली. ओली. आठव्या घराशी गेली. तिथली गाठ फाटकाच्या छपराखाली होती, तरी थंडगार होती. पाऊस पहाटे चारला थांबला होता. नऊ वाजता भोंगा झाल्यावर बांधलेल्या झेंडीच्या गाठीत पाणी कुठून येईल?

नवव्या फाटकाशी, म्हणजे स्वतःच्या, ती आली. पहाटे साडेपाचला सुपाचं भांडं गाडीवर घालून ती मागच्या दाराने बाहेर पडली होती. तेव्हा अंधार होता. पुढच्या फाटकाकडे तिने पाहिलंच नव्हतं. आता तिने गाठ दाबली. पाणी मनगटापर्यंत आलं आणि भाजल्या जागी झोंबलं.

तेत्सुरो ओसरीवर बसला होता. तिला बघून तो उठला, पण जवळ आला नाही.

“केव्हा बांधलीस?” तिने विचारलं.

“काल. जेवायच्या आधी.” त्याने मान खाली घातली. “सगळ्यांनीच. मासुयोवहिनी काल दुपारी घरोघर फिरल्या. म्हणाल्या, तीन वर्षं बाई हरतेय, सहा वर्षं राबतेय, यंदा तिला जिंकवू या. तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं. आणि अगं, तूच तर म्हणाली होतीस गेल्या वर्षी. आदल्या दिवशी बांधून ठेवा म्हणून.”

“मी चेष्टेत म्हणाले होते.”

“हो. आम्हालाही ते चेष्टेतच वाटलं होतं.”

एक मिनिट बावन्न सेकंद. म्हणजे तेवढा वेळ तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायला लागला होता. बाकी कुणी काहीच केलं नव्हतं. कुणी टेबलाखाली बसलं नव्हतं, कुणी घरातली माणसं मोजली नव्हती. आणि हे सगळं तिच्यावरच्या मायेपोटी. रागावायचं तरी कुणावर? तिने रागावायचा प्रयत्न केला, पण राग फिरून फिरून तिच्याच दारात येऊन बसला.

मग तिची नजर तेत्सुरोच्या खांद्यावरून पलीकडे, धक्क्याकडे गेली. दहाव्या फाटकाला झेंडी फडफडत होती.

“फुजिएआजीची कुणी बांधली?”

“मीच. आपली बांधली तेव्हाच तिचीही बांधून आलो. तिला कुठे अंगणात येता येतंय.”

“तेव्हा तिला पाहिलंस?”

“नाही. फाटकालाच तर बांधायची होती.” हे बोलता बोलता तेत्सुरोचा चेहरा बदलला. “दिवा होता घरात. होता वाटतं.”

“आज सकाळपासून तिला कुणी पाहिलं?”

नोबुएने उत्तराची वाट पाहिली नाही. दोन घरांमधलं ते वीस पावलांचं अंतर तिने कसं कापलं हे तिला आठवत नाही. फाटक ढकललं, अंगणातल्या मुळ्याच्या वाफ्यातून सरळ गेली, आणि दारावर मूठ आपटली. तीनदा. थांबली. कान लावला. आत काही हलल्याचा आवाज नव्हता. पुन्हा तीनदा.

मागे फाटकाशी तेत्सुरो येऊन उभा राहिला होता. त्याच्या मागे आठव्या घरातले नवरा-बायको, आणि त्यांच्याही मागे, आपल्या फाटकावरून सोडलेली ओली झेंडी छातीशी धरून मासुयोवहिनी. एवढी शांतता तिला मैदानावर खेळाच्या वेळीसुद्धा कधी मिळाली नव्हती.

तिने तिसऱ्यांदा मूठ उचलली, आणि आतून, फार लांबून आल्यासारखा, एक चिडका आवाज आला.

“कोण मेलं दार फोडतंय? झेंडी लावलीय ना बाहेर! दिसत नाही का?”

मागे कुणाचा तरी हुंदका फुटला. नोबुएने कपाळ दाराच्या लाकडाला टेकवलं.

“दिसतेय, आजी,” ती म्हणाली. “दार उघडा.”

“अगं, सगळे सुखरूप लिहिलंय त्याच्यावर!”

“असू दे. तुम्ही दार उघडा.”

आत शिव्या सुरू झाल्या. मग काठी टेकत टेकत एकेक पाऊल दाराकडे येऊ लागलं. त्याला चांगली सहा-सात मिनिटं लागली, आणि तोवर फाटकाशी उभं असलेलं कुणीही जागचं हललं नाही.